चौथ्या बाईसाहेब

बाईसाहेब तिसऱ्यांदा वारल्या तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि आबा अजून उठायचे होते. दुधाची पिशवी हातात घेऊन बकुळा दारातून आत आली, तिने माशांच्या टाकीवरचा दिवा लावला, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, हवेच्या नळीपाशी, बाईसाहेब आडव्या तरंगताना तिला दिसल्या. नारिंगी अंग, आरपार दिसणारी लांब शेपटी, डाव्या डोळ्यावरचा पांढरा डाग. बुडबुड्यांनी ते अंग मधूनच हलत होतं, म्हणून क्षणभर तिला वाटलं, आहे अजून जीव. मग पिशवी तशीच टीपॉयवर ठेवून तिने जाळी घेतली आणि ते एवढंसं अंग बाहेर काढलं. हातावर ते नको इतकं जड लागलं. आतल्या खोलीतून आबांच्या खोकल्याचा आवाज आला. म्हणजे आता दहा मिनिटं. आबा उठणार, कवळी लावणार, भिंत धरत धरत हॉलमध्ये येणार, आणि खुर्चीत बसायच्या आधी टाकीपुढे उभे राहून म्हणणार, "काय बाईसाहेब, झोप झाली का?" बकुळाने मासा वर्तमानपत्रात गुंडाळला, दिवा मालवला आणि टाकीवर आबांचा जुना पंचा टाकला. आबा आले तेव्हा ती म्हणाली, "औषध घातलंय पाण्यात. संध्याकाळपर्यंत उजेड नको दाखवायला." आबांनी पंच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. इतकंच. तिला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच किळस आली, कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, ती आधी दोनदा बोलली होती.

गोल्डफिशला बाईसाहेब हे नाव आबांनी ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी पियुषने, बकुळाच्या धाकट्या भावाच्या मुलाने, इंदूरहून टाकी, पंप, रंगीत खडे आणि हा एक मासा असं सगळं गाडीत घालून आणलं होतं. आजोबांना करमणूक म्हणून. आबा, म्हणजे मानसिंगराव भोईटे, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. हयात धारला गेली, आई गेल्यावर धारचं घर विकून देवासला लेकीकडे राहायला आले, आणि आले ते गप्पच झाले. माशाशी मात्र बोलायचे. शेपटीचा तो घोळदार पदर बघून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "या बाईसाहेब. गरिबाचं घर आहे, सांभाळून घ्या." बकुळाला तेव्हा हसू आलं होतं. पुढे तिला त्या माशाचा धाक वाटायला लागला. आबांची सकाळ त्याच्यापासून सुरू व्हायची, आणि बकुळाच्या मनात हळूहळू एक हिशेब पक्का झाला होता, जो तिने कधी शब्दांत मांडला नव्हता: मासा आहे तोवर आबा आहेत. एकावन्न वर्षांची बाई, रसायनशास्त्रात एम्‌एस्सी, देवासच्या एका औषधांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं पाणी तपासण्याचं काम. तिने असं काही मानावं हे तिला स्वतःलाच पटत नव्हतं. पण पहिल्या बाईसाहेब गेल्या त्या सकाळी आबांना दोन दिवसांपूर्वीच दवाखान्यातून घरी आणलं होतं, आणि तिने एका क्षणाचाही विचार न करता पंचा टाकला होता.

पहिल्या बाईसाहेब गेल्या त्यात चूक तिचीच होती. फिल्टरचा स्पंज मळका दिसतो म्हणून तिने तो नळाखाली खसाखसा धुतला. स्पंजात जे चांगले जंतू वाढलेले असतात, माशाच्या घाणीतला विषारी भाग जिरवणारे, ते नळातल्या क्लोरिनने मेले, आणि चार दिवसांत टाकीतल्या अमोनियाने मासा गेला. दिवसभर दुसऱ्यांचं पाणी तपासणाऱ्या बाईच्या घरात पाण्याने जीव घेतला. त्यानंतर ती शिकली. एक दिवसाआड नळाला येणारं पाणी बादलीत भरून ठेवायचं, त्यात क्लोरिन मारायचे थेंब घालायचे, दर रविवारी टाकीतलं फक्त एक तृतीयांश पाणी बदलायचं, स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. दाणे चिमूटभर, दिवसातून दोनदा, आणि आठवड्यातून एकदा उकडून सोललेला मटार, पोट साफ राहायला. दुसऱ्या बाईसाहेब दीड वर्ष टिकल्या आणि पोट फुगून गेल्या. आबा चोरून पोळी घालत असत. तिसऱ्या आठ महिन्यांत गेल्या, आणि त्यांचं कारण काही सापडेना. त्या सकाळी तिने पाणी छोट्या बाटलीत भरून कारखान्यात नेलं, जेवणाच्या सुट्टीत स्वतः तपासलं. सगळे आकडे जागच्या जागी. इतकं चांगलं पाणी तर देवासात कोणी पीतही नसेल. तिने तपासणी पुन्हा केली. मग बाटली धुवून उपडी घालून ठेवली आणि उरलेल्या दिवसाची रजा टाकली.

सकाळी गच्चीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत तिने तिसरीला पुरलं होतं. आधीच्या दोघीही तिथेच होत्या. कलथ्याने माती उकरताना तिला भीती वाटत होती की काही हाताला लागेल, काटा, खवला, काहीतरी. काहीच लागलं नाही. नुसती काळी, भुसभुशीत, जिवंत माती. दोन वर्षांत एवढ्याशा माशाचं काय उरणार, आणि दुसरीही केवढी होती, असं ती स्वतःला सांगत होती. तरी तिने कुंडीच्या तळापर्यंत बोटं घालून पाहिली. समोर टेकडी होती, देवीच्या पायऱ्यांवर सकाळची माणसं मुंग्यांसारखी चढत होती. रिकाम्या कुंडीत आपण कोणाला पुरतोय, असा विचार तिच्या मनात आला आणि त्याला काही अर्थ नाही म्हणून तिने तो तिथेच सोडून दिला.

सयाजी गेटजवळ राजवीरचं माशांचं दुकान होतं. अरुंद, लांब, दोन्ही भिंतींना टाक्या लावलेल्या, आत गेलं की बाहेरचा गोंगाट एकदम बुडाल्यासारखा व्हायचा आणि पंपांची घरघर तेवढी उरायची. राजवीर तिशीचा, बोलका. तिला बघताच म्हणाला, "अरे दीदी, फिर से?" तिने मान हलवली. त्याने विचारलं नाही कोण वारलं. त्याला माहीत होतं. "वैसी तो नी है दीदी अबकी बार. लेफ्ट आँख पे टीके वाली नी मिलेगी." मग जरा थांबून म्हणाला, "एक है, पर उसका टीका राइट में है. देख लो." मागच्या बाजूला, जमिनीलगतच्या टाकीत सगळे काळे मासे होते, कोळशासारखे, बटबटीत डोळ्यांचे, आणि त्यांच्यात एकच नारिंगी. ती काळ्यांच्या गर्दीत स्थिर उभी होती, काचेकडे तोंड करून. "कल का लॉट है," राजवीर सांगू लागला, "सब काली मँगवाई थीं होलसेल वाले भिया से, ये एक कैसे आ गई पता नी. और दीदी, बच्ची नी है ये. साइज देखो. चार-पाँच साल की तो होगी. इतनी पुरानी कोई बेचता नी." बकुळा खाली वाकली. उजव्या डोळ्यावर पांढरा डाग, तसाच, बोटाने चुना लावावा तसा. मासा तिच्याकडे बघत होता. माशाला पापण्या नसतात, तो नेहमीच बघत असतो, हे तिला ठाऊक होतं. "दे," ती म्हणाली. "अंकल को क्या फरक पड़ेगा," राजवीर पिशवीत हवा भरत म्हणाला, आणि तिला वाटलं, हे वाक्य कोणीतरी खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कोणाबद्दल बोललं असणार.

रिक्षात मांडीवर पिशवी धरून बसताना पिशवीच्या पाण्याचा गारवा साडीतून पायाला लागत होता, आणि तेवढ्यावरून तिला धारचं देवीसागर तळं आठवलं. तिला ते नेहमी तसंच आठवायचं, ओल्या गारव्यावरून. घाटाची पायरी, हिरवी, बुळबुळीत. एका पायात चप्पल आहे आणि दुसरी पाण्यात पडली आहे, आणि ती हळूहळू लांब जाते आहे. शिंगाड्यांची टोपली घेऊन कोणीतरी बसलं आहे, त्याचा चिखलट वास. काळं कापड डोक्यावर घेतलेला फोटोवाला म्हणतो आहे, "हिलना मत बेटा." आणि आईचा हात घट्ट. ही तिची सर्वात जुनी आठवण. ती सहा वर्षांची असताना एकदा जेवताजेवता म्हणाली होती, "आई, माझी चप्पल तळ्यात पडली होती ना?" आणि आईच्या हातातली वाटी निसटली होती. आईने तिला जवळ ओढून इतकं कवटाळलं की श्वास कोंडला. आई रडत होती आणि हसत होती. त्या दिवशी तिला दोन वाट्या बासुंदी मिळाली. पुढे पाच वर्षांनी ट्रंकेत तो फोटो सापडला: घाटावर तीन-साडेतीन वर्षांची मुलगी, एक पाय अनवाणी. तिने मागे उलटून पाहिलं. आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, चि. बकुळा, देवीसागर, आणि खाली साल. ते साल बकुळाच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं होतं.

तिच्या आधी एक मुलगी होती, चार वर्षांची होऊन घटसर्पाने गेलेली, हे तिला तेव्हा कळलं. घरात ते कोणी लपवलं होतं असंही नाही; फक्त ती गेली असं कोणी कधी म्हणत नव्हतं. "ही कोण?" असं तिने फोटो दाखवून विचारलं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिने मान वरही केली नाही. "तू," म्हणाली. "पण हे साल..." "तूच ती. गेली होतीस, परत आलीस. चप्पल आठवली ना तुला?" मग आईच्या किती तरी गोष्टी एकदम उलगडत गेल्या. रोज सकाळी वेणी घालताना आई तिचा उजवा कान पुढे वळवून मागे बघायची, बोट फिरवायची, आणि एक बारीक उसासा टाकून केस विंचरायला लागायची. पहिल्या बकुळाच्या कानामागे तीळ होता. आई तो यायची वाट बघत होती. ती शेवटपर्यंत बघत राहिली. आजारपणात, हात धड उचलत नव्हता तेव्हासुद्धा, पन्नाशीकडे झुकलेल्या लेकीला खुणेने जवळ बोलवायची आणि कान वळवायची. तीळ आला नाही. आणि आठवणी? त्या मात्र येत राहिल्या. लाल झबलं, बदनावरच्या आत्याकडचा पोपट, झोपाळ्याची करकर. आईने विचारलं की ती सांगायची. सांगताना आईच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. भुवया जराशा आवळल्या की शब्द बदलायचा, ओठ थरथरले की त्याच दिशेने पुढे जायचं. असं किती शोधून काढलं आणि किती खरोखरच आठवलं, हे आता तिला सांगता आलं नसतं. चप्पल मात्र तिने शोधून काढलेली नव्हती. ती चप्पल लांब लांब जाताना तिने पाहिली होती.

घरी पोचल्यावर आबा दुपारचे पडले होते. तिने पंचा काढला, पिशवी न उघडता टाकीतल्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवली, दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं व्हायला. मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासा जाळीने अलगद आत. नवा मासा पहिला सगळा दिवस कोपऱ्यात दडून बसतो, खात नाही. हा बसला नाही. त्याने टाकीची एक फेरी मारली, सावकाश, घर दाखवायला न्यावं तशी नव्हे. घर आवरलंय की नाही ते बघावं तशी. मग डाव्या कोपऱ्यात, खुर्चीच्या बाजूला, जाऊन थांबला. बकुळाचे हात ओले होते आणि तिला ते पुसायचं सुचेना. आबांची एक सवय होती. ते उजव्या हातातल्या चांदीच्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायचे, आणि बाईसाहेब त्या डाव्या कोपऱ्यात येऊन, एकदा स्वतःभोवती गोल फिरून, मगच दाणा घ्यायच्या. पहिल्या तसं करायच्या. ते सवयीने, हे तिला पटत होतं. टकटक झाली की खायला मिळतं एवढं मासा शिकतो. पण दुसऱ्या आल्या त्या पहिल्याच संध्याकाळी, पहिल्याच टकटकीला तशाच फिरल्या होत्या. तिसऱ्यासुद्धा. तिने स्वतः, आबा झोपलेले असताना, स्वतःच्या बांगडीने, मग आबांची अंगठी बोटात घालून टकटक करून पाहिलं होतं. मासा हलला नव्हता. तो नुसता बघत होता.

संध्याकाळी आबा उठून आले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात कणकेचा गोळा. आबा टाकीपुढे थांबले. खूप वेळ थांबले. उजव्या डोळ्यावरचा डाग त्यांच्याकडेच होता. आता विचारतील, तिला वाटलं, आणि तिने उत्तरही जुळवून ठेवलं होतं, औषधाने रंग बदलतो म्हणून. आबांनी टकटक केलीच नाही. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले, दाराशी आलेल्या पाहुण्याला जोडावेत तसे. "आलात?" ते म्हणाले. "बरेच दिवस लावलेत." पाण्यात बाईसाहेब एकदा गोल फिरल्या. कणकेचा गोळा बकुळाच्या हातात होता आणि बोटं त्यात रुतत चालली होती. म्हातारपण, तिने मनाशी म्हटलं. ऐंशी पार झाली, बोलतात काहीही. त्या रात्री आबा दीड पोळी जास्त जेवले आणि जेवताना खात्यातल्या कुठल्याशा कालव्याची गोष्ट सांगितली, जिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते हसले.

चार दिवसांनी पियुषचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने सहज म्हणून विचारलं, "का रे, तू मासा आणलास तेव्हाचा फोटो आहे का?" "होगा ना आत्या, देखता हूँ. क्यों, काय झालं?" "काही नाही. आबांना बघायचाय." पाच मिनिटांत फोटो आला. आबा खुर्चीत, शेजारी टाकी, टाकीत बाईसाहेब, अगदी काचेला लागून. बकुळाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. डाग उजव्या डोळ्यावर होता. फोटोतल्या आबांच्या अंगठीकडे पाहिलं, ती उजव्याच हातात होती, म्हणजे चित्र उलटं झालेलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसली. म्हणजे दोन वर्षांहून जास्त ती चुकीच्याच बाईसाहेब आणत होती. डावा डाग, डावा डाग, असं राजवीरला बजावून सांगत होती, आणि तिला त्याची इतकी खात्री होती, की डोळे मिटले तर आत्तासुद्धा पहिली तिला डाव्या डागाचीच दिसत होती. तिने डोळे उघडले, मिटले. डावा. जे डोळ्यांनी रोज दोन वर्षं पाहिलं ते तिला नीट आठवत नव्हतं, आणि जे तिच्या जन्माआधी घडलं ते चिखलाच्या वासासकट आठवत होतं. मग आबांचं ते "बरेच दिवस लावलेत" ध्यानात आलं, आणि ती उठून सरळ हॉलमध्ये गेली.

"आबा," ती म्हणाली, "बाईसाहेबांचा डाग उजव्या डोळ्यावर होता?"

आबा वर्तमानपत्र वाचत होते. "आहेच की."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून." त्यांनी चष्मा काढला. "मधल्या दोघींचा डाव्या डोळ्यावर होता. त्यांतली आधीची जरा आळशी. दुसरीला भूक फार."

बकुळा त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"अगं, दिवसभर दुसरं बघतो काय मी? पंचा टाकलास तेव्हाच ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी धावपळ करून आणलंस." आबा चष्म्याची काडी उघडत मिटत राहिले. "आणि आणलेल्या जिवाला काय सांगायचं, तू ती नव्हेस म्हणून? त्याचा काय अपराध? दोघींना शिकवलं मी, तू कारखान्यात गेलीस की. फिरा म्हटलं, अशा फिरा. शिकल्या बिचाऱ्या."

त्या तर आल्या त्याच संध्याकाळी फिरल्या, आबा, मग शिकवलंत कधी, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याऐवजी जे आलं ते तिला स्वतःलाच अनपेक्षित होतं. एकावन्न वर्षांत तिने ते आईला विचारलं नव्हतं, यांनाही नाही. "आणि मी?" ती म्हणाली. "माझ्या वेळी?"

आबांना कळलं. चष्म्याची काडी थांबली. त्यांनी एकदा भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं, आणि मग जमिनीकडे बघत बोलू लागले. "बारा दिवसांची होतीस. बारशाला बदनावरची आक्का आली होती. नाव मी ठरवलं होतं. शरयू. आक्काने तुझ्या कानात तेच सांगितलं, कुर्र केलं, बायकांनी तेच नाव गाण्यात घेतलं, सगळं रीतसर झालं. संध्याकाळी बायका गेल्यावर मी आत आलो तर तुझी आई पाळण्यापाशी बसलेली, आणि हळू आवाजात हाक मारतेय, बकुळा, बकुळा. मी म्हटलं, अगं, ही ती नव्हे. तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, हळू बोला. तिला ऐकू जाईल."

"कोणाला?" बकुळाने विचारलं. "मला?"

"ते मी विचारलं नाही," आबा म्हणाले.

पंपाची घरघर चालू होती. बाईसाहेब डाव्या कोपऱ्यात काचेला लागून उभ्या होत्या. शरयू, बकुळाने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. शब्द अनोळखी होता, परक्या घराची किल्ली हातात घ्यावी तसा. कशाला लागेल ते कळत नव्हतं. बारा दिवस, नाही, एक दिवससुद्धा नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती कोणीतरी होती. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत तिला जे जे वाटलं होतं, शाळेत हजेरी घेताना नाव आलं की मागे वळून बघावंसं वाटणं, आरशात कानामागचा भाग चोरून बघणं, लग्नाची बोलणी आली की द्यायचा तो होकार आपला नव्हेच असं वाटून गप्प बसणं, ते सगळं आता तिच्याभोवती उभं राहिलं आणि वाट बघू लागलं. "आबा," ती म्हणाली, आणि आवाज लहान मुलीसारखा येतोय हे तिला ऐकू आलं, "मला त्या नावाने हाक मारा. एकदाच."

आबांनी मान हलवली. नकाराची नव्हे, ओझं उचलता येत नसलेल्या माणसाची. "आणि मग ती कुठं जाईल?" ते म्हणाले.

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. नंतरचे तीन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली, गोळी घ्या, पाणी गरम आहे, दार लावून घ्या. राग आबांचा नव्हता. राग होता त्या चार वर्षांच्या मुलीचा, जिने पन्नास वर्षं तिचं ताट, तिचं नाव, तिच्या आईचं सगळं बघणं वापरलं होतं. आणि कारखान्यात परीक्षानळी उजेडाशी धरताना मधेच तिला असंही वाटे, की राग करणारीच ती असेल तर? पन्नास वर्षं काचेच्या या बाजूने बघत बसलेली ती, आणि शरयू नावाची कोणी कधी उतरलीच नसेल या घरात? अशा वेळी ती नळी पुन्हा स्टँडमध्ये ठेवायची आणि आकडा लिहायची. आकडे बरोबर यायचे. घरी आबा नेहमीसारखे होते, फक्त माशाशी कमी बोलत होते, आणि दोनदा तिने पाहिलं, ते तिच्याकडे टक लावून बघत होते, बाजारातून आणलेल्या वस्तूकडे नव्हे, हरवलेल्या वस्तूकडेही नव्हे; इतके दिवस तिथेच असलेल्या एखाद्या गोष्टीकडे बघावं तसं.

रविवार उजाडला. सकाळचं लख्ख ऊन हॉलभर आलं होतं. तिने आदल्या दिवशी भरून ठेवलेली बादली उचलून आणली, नळी लावून टाकीतलं एक तृतीयांश पाणी दुसऱ्या बादलीत काढलं, खड्यांमधली घाण ओढून घेतली. स्पंज काढलेल्या पाण्यात पिळला. मग बाही सावरून हात कोपरापर्यंत टाकीत घातला, काचेवरचं शेवाळ पुसायला. बाईसाहेब लांब पळाल्या नाहीत. त्या आल्या आणि तिच्या मनगटाला तोंड लावलं, हलकेच, दोनदा, तीनदा. इतकी वर्षं, इतक्या बाईसाहेब, पण कोणी तिच्या हाताशी आली नव्हती. ती श्वास रोखून तशीच उभी राहिली. चालूच राहिलेली नळी बादलीतून निसटून पाणी फरशीवर सांडायला लागलं ते तिला कळलं नाही.

"शरयू," मागून आबा म्हणाले, "पाणी सांडतंय बघ."

आवाज अगदी रोजचा होता. जणू रोज हेच म्हणत असावेत.

ती वळली नाही. हात पाण्यातच होता, मनगटापाशी ते बारीक तोंड. "हो," ती म्हणाली. तो हो जिथून यायला हवा होता तिथूनच आला, घशातून, गरम, ओळखीचा, आणि मागे काही उरलं नाही.

मग तिने मान वळवून आबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर तिच्या पलीकडे, खाली, चार वर्षांच्या मुलीच्या उंचीवर कुठेतरी होती, आणि टाकीपासून दाराकडे सावकाश सरकत होती. खुर्चीतून पुढे पसरलेले पाय त्यांनी हळूच जवळ ओढून घेतले, समोरून कोणाला जायला वाट द्यावी तसे, आणि ती नजर दारापर्यंत पोचेपर्यंत ते तसेच बसून राहिले.